पगारेभाऊंच्या चौदा जोड्या

पगारेभाऊ कुणाच्याही घरात शिरले की चपला काढायच्या आधी एक टाळी वाजवत. एकच, पण खणखणीत. मग मान तिरकी करून क्षणभर थांबत आणि निकाल देत, "खोली वाजते." नाहीतर, "खोली बरी आहे, फक्त त्या भिंतीला एक गोधडी टांगा." खोलीत कोण बसलंय आणि कशासाठी बसलंय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. हेंद्रेपाड्यात माझ्या मावसबहिणीला बघायला पाहुणे आले होते. मुलाकडचा एक जण भाऊंच्या कारखान्यातला, म्हणून मी यांना सोबत नेलं. आम्ही पोचलो तेव्हा पोह्यांच्या बशा फिरत होत्या, मुलगी नुकतीच पाटावर बसली होती, आणि यांनी दारातच टाळी वाजवली. मुलाच्या मामांना वाटलं, पसंती झाली. तेही वाजवायला लागले, मग बाकीच्यांनी वाजवल्या. नंतर मागे फिरायची कुणाची हिंमत झाली नाही. संसार चांगला चाललाय, पण त्याचं श्रेय भाऊंना देणं मला अजून जड जातं.

बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत, आमची तीन मजल्यांची इमारत होती. दुसऱ्या मजल्यावर पगारेभाऊ आणि सुमनवहिनी, त्यांच्या डोक्यावर मी आणि माझी आई. मी सरकारी कचेरीत कारकून. भाऊ अंबरनाथला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, म्हणजे जिथे यंत्रं दिवसभर पत्रा ठोकतात तिथे. बावीस वर्षं त्यांनी एकाच प्रेससमोर काढली. माणूस सडपातळ, पायाला भिंगरी लावलेला. दोन मिनिटं एका जागी बसला तर वहिनी बरं नाही का विचारत.

नाद एकच, स्पीकरचा. गाण्याचा नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझाही पहिला गैरसमज तोच होता. 'गाणं ऐकायला ये' म्हणाले म्हणून मी गेलो, आणि तीन तासांत एकही गाणं पुरतं ऐकलं नाही.

त्यांना लागायच्या जुन्या घाटाच्या पेट्या. लाकडी, मांडीएवढ्या उंच, पुढे सोनेरी धाग्याचं कापड. प्लॅस्टिकच्या, लाल-हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या नव्या सिस्टीमला ते 'जत्रा' म्हणत. "आवाज अंगावर यायला नको, भोईर," ते मला सांगत, "शेजारी येऊन बसायला पाहिजे." ही व्याख्या मला आजही पटते. माणसांनाही लागू पडते.

पेट्या येत उल्हासनगरहून, होतूभाईंच्या दुकानातून. होतूभाई जुन्या बंगल्यांतून, बंद पडलेल्या क्लबांतून माल उचलत आणि सुताराकडून नीट करून विकत. गिऱ्हाइकाला सांगत, "साईं, घर ले जाओ, पंद्रह दिन सुनो. कान को जमा तो रखो, नहीं तो वापस लाओ, दूसरा ले जाओ." ही सवलत पगारेभाऊ जन्मभर वापरतील याची त्यांना कल्पना नसावी. अकरा वर्षांत भाऊंनी चौदा जोड्या आणल्या. दर वेळी टेम्पोत मागे, पेटीला मिठी मारून बसत. खड्डा आला की पेटीला म्हणत, "सांभाळ." स्वतःचं डोकं टपावर आपटलेलं असे, त्याचं काही नाही.

घर दहा बाय बाराचं आणि मागे पडद्याआड स्वयंपाकघर. तेवढ्यात एक कॉट, एक कपाट आणि विटांवर चढवलेल्या चार पेट्या. नवी जोडी आणि आधीची जोडी यांचा सामना होई. भाऊंनी कारखान्यातल्या भंगारातून एक खटका केला होता. तो इकडे दाबला की पहिली जोडी वाजे, तिकडे दाबला की दुसरी. कॅसेट नेहमी एकच. आमच्याच भागात मैदानावर झालेला गाण्याचा कार्यक्रम भाऊंनी स्वतः डेक घेऊन जाऊन टेप केला होता. त्यात हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी आणि प्रेक्षकांचा गोंगाट. "पुढच्या रांगेत एक बाई खोकते," भाऊ सांगत, "तिचं वय कळलं पाहिजे. नाही कळलं तर स्पीकर भंगारात."

आणि मग ते विचारत, "पहिली की दुसरी?"

पहिलं वर्ष मी प्रामाणिकपणे ऐकलं. देवाशप्पथ, मला दोन्ही सारख्याच वाटत. दुसऱ्या वर्षापासून मी चहावर उत्तर देऊ लागलो. चहा यायचा असला की 'पहिली', म्हणजे ते पुन्हा ऐकवत आणि तेवढ्यात कप येई. चहा पिऊन झाला असला की 'दुसरी', म्हणजे सुटका. इमारतीतल्या सगळ्यांनी आपापली युक्ती शोधली होती. तळमजल्यावरचे मास्तर एकदा 'दोन्ही छान' म्हणाले, त्यांना दीड तास बसावं लागलं. त्यानंतर मास्तर जिन्यात पगारेभाऊंची चाहूल लागली की संडासात जात.

आमच्या या फेकाफेकीची भाऊ वहीत नोंद करत आणि शेवटी डोकं हलवून म्हणत, "तुम्ही सगळे म्हणता ते ठीक, पण वरचं कुठे गेलं?" वरचं म्हणजे बारीक, झिणझिणीत आवाज. खंजिरीच्या झांजांचा. "टेप करताना मी ह्या कानांनी ऐकलीय खंजिरी. कॅसेटमध्ये आहे ती. पेटी खाते." मग ती जोडी परत जाई आणि टेम्पोतून दुसरी येई.

सातव्या-आठव्या जोडीपासून त्यांनी पेट्यांची शस्त्रक्रिया सुरू केली. पुढचं कापड काढलं. बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, म्हणजे ट्वीटर, एकाचे दोन केले, दोनाचे तीन. आतला घुमारा बसावा म्हणून पेट्यांत कापूस भरला. आवाज जोडीगणिक धारदार होत चालला. बाराव्या जोडीच्या वेळी अंगणातलं कुत्रं समोरच्या इमारतीत राहायला गेलं. माझ्या दाढेत कळ येई. भाऊ मात्र गुडघ्यावर बसून पेटीला कान लावत आणि म्हणत, "अजून फ्लॅट आहे रे. एकदम फ्लॅट."

आई वरून ऐकायची. हेंद्रेपाड्यात जन्म काढलेली, तिला आडपडदा नाही. एकदा भाकरी थापताना म्हणाली, "पेटीन काय नाय रं. त्याचे कानान खोट हाय."

मी हसलो. कचेरीत जाऊन चार जणांना सांगितलं, तेही हसले. भाऊंना सांगायचं मात्र माझ्या जिभेवर आलं नाही. चांगला शेजारी म्हणवून घेणारा मी, एवढं साधं वाक्य खालच्या मजल्यावर नेऊ शकलो नाही, याची मला आज लाज वाटते.

मग होतूभाईंचे गुडघे गेले. दुकान मुलाच्या हातात आलं, आणि मुलाला लाकडी माल नको होता, त्याला जत्रा विकायची होती. होतूभाईंनी भाऊंना शेवटचं बोलावून घेतलं. "साईं, दशहरे तक फैसला कर लो. जो रखना है रखो, दूसरा वापस भेजो. उसके बाद लड़का ये सब निकाल देगा. फिर बदली नहीं होगी." भाऊंच्या घरी तेव्हा दोन जोड्या होत्या. तेरावी सागवानी, कुठल्याशा खंडाळ्याच्या बंगल्यातली, तिला अजून हात लावला नव्हता. चौदावी तीन-तीन ट्वीटरवाली, स्वतः सुधारलेली. पंधरा दिवसांत एक ठेवायची, एक कायमची घालवायची.

त्या पंधरा दिवसांत मी भाऊंना स्वस्थ पाहिलं नाही. रजा टाकली. एक दिवस अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून वर आले, "भोईर, खाली चल, आत्ता खंजिरी थोडी आल्यासारखी वाटली." खाली जाईपर्यंत गेली होती. विटा चार बोटं पुढे, चार बोटं मागे. कॉट उभी केली, आडवी केली. जेवता जेवता उठत, खटका दाबत, घास हातातच. "या वेळेला चुकलो तर मेलो," म्हणाले, "जन्मभर चुकीच्या पेटीसमोर बसायचं." वहिनी ताटावर ताट झाकून ठेवत आणि पडद्याआड जात. त्यांचा या विषयावर एक शब्द कुणी ऐकला नव्हता.

दसऱ्याला चार दिवस असताना कारखान्यात डॉक्टरी तपासणी झाली, त्यासाठी भाऊंना रजेतून बोलावलं. त्याच संध्याकाळी भाऊ मला भाजीवाल्याकडे भेटले. हातात मेथीची जुडी होती, आणि चक्क एका जागी उभे होते.

"कान तपासले," ते म्हणाले. "टोप्या लावतात कानाला. आवाज आला की बटण दाबायचं. मी तीन-चारदा दाबलं. मग बसून राहिलो. डॉक्टरला म्हटलं, साहेब, तुमच्या मशीनचं वरचं गेलंय."

"मग?"

"म्हणाला, मशीन ठीक आहे." भाऊंनी जुडी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणाला, प्रेसवर कानात घालायला कापूस देतात, तो वापरत नाही का? म्हटलं, वापरतो की. पेटीत भरतो."

रोज सकाळी पाळीच्या सुरुवातीला मिळणारा तो कापूस, चांगला, लांब धाग्याचा, भाऊंनी वर्षानुवर्षं खिशात घालून घरी आणला होता. पेट्यांसाठी.

"खरं सांग. तुम्हाला खंजिरी ऐकू यायची?"

"यायची."

"सगळ्या जोड्यांत?"

"सगळ्या."

"आणि ते पहिली, दुसरी सांगायचास ते?"

"चहावर, भाऊ," मी म्हणालो. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी रागवायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "म्हणजे पेट्या चांगल्या होत्या रे," आणि जुडीची माती झटकून घराकडे गेले.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी टेम्पो यायचा होता. मी आईने दिलेला डबा घेऊन खाली गेलो. भाऊ आणि वहिनी विहारातून नुकते आले होते, दोघांच्या अंगावर पांढरे कपडे. चारही पेट्या लावून ठेवल्या होत्या. भाऊ जमिनीवर बसले होते, पेट्यांकडे पाठ करून. अकरा वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"भोईर, खटका तू धर," ते म्हणाले. मग आत हाक मारली, "सुमन, जरा बाहेर ये."

वहिनी पदराला हात पुसत आल्या. "मला काय कळतंय त्यातलं?"

"बस तर खरी."

त्या त्यांच्यासमोर बसल्या. मी चौदावी जोडी लावली. भाऊ मागे काय वाजतंय ते ऐकतच नव्हते. वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत होते, डोळे न हलवता. वहिनींनी कपाळाला आठी घातली. "ही टोचते." मी तेरावी लावली. आठी गेली. "ही ठेवा," वहिनी म्हणाल्या, आणि उठायला लागल्या. अकरा वर्षांचा निकाल दोन मिनिटांत लागला.

"नक्की?"

"नक्की. पण पाचवी याच्याहून चांगली होती."

भाऊ बघतच राहिले. चौदाही जोड्या या बाईने पडद्याआड भांडी घासता घासता ऐकल्या होत्या, आणि आम्हा शहाण्यांपैकी कुणी तिला कधी विचारलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"विचारलंत कुठे?" वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "आणि परत करायला उल्हासनगरला जायचात, नवीन घेऊन यायचात. जिन्यावरूनच हाका मारत यायचात. ते बरं वाटायचं मला."

कॅसेट चालूच होती. मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," भाऊ म्हणाले. वहिनींचा हात धरून त्यांनी त्यांना पुन्हा खाली बसवलं. माझ्यादेखत त्यांनी कधी त्यांचा हात धरला नव्हता. "आता काय चाललंय ते सांग मला. सगळं सांग."

वहिनी संकोचल्या. मग सरकून त्यांच्या उजव्या कानाशी आल्या आणि सांगायला लागल्या. आता ढोलकी थांबली. आता नुसती खंजिरी चाललीय, एकटीच, भरभर. कुणाचं तरी पोर रडलं. आईनं पाजायला घेतलं वाटतं, गप झालं. हार्मोनियमवाला घसा खाकरतोय. कुणीतरी बांगड्या मागे सारल्या. मला यातलं निम्मंसुद्धा कधी ऐकू आलं नव्हतं. मी कान देऊन ऐकलं, तर सगळं होतं.

"आता तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

"मी?"

"डेकजवळ उभे असाल. कुणाला तरी सांगताय, सरक, मागच्यांना दिसत नाही. आणि हसताय."

भाऊंनी डोळे मिटून घेतले. वहिनी कानाशी बोलत राहिल्या आणि भाऊ मान डोलवत राहिले, अगदी तालात.

"किती स्वच्छ येतंय गं," ते म्हणाले.