दिघेकाकांचा सावलीचा अर्ज

मी आंब्यात राहते, तिसऱ्या मजल्यावर. हा पत्ता दिघेकाकांनी दिलेला. आमच्या बिल्डिंगवर सोनेरी अक्षरांत भलतंच इंग्रजी नाव आहे, पण ती बांधताना इथला आंबा तोडला, म्हणून काकांच्या लेखी आम्ही आंब्यातले. समोरचे चिंचेतले आणि कोपऱ्यावरचे पटेलभाई कडुलिंब नंबर दोनमधले. एकदा माझं पार्सल आणणाऱ्याला काकांनी "आंबामां, त्रीजे माळे" असं सांगितलं. तो बिचारा अर्धा तास झाड शोधत होता.

काका सरकारी नोकरीत ड्राफ्ट्समन होते. जन्म दांडिया बाजारातला. रिटायर झाल्यावर बडोद्याच्या या टोकाला, आमच्याच तळमजल्यावर राहायला आले. तेव्हा आजूबाजूला शेतं होती, आता जिकडेतिकडे टॉवर. कुणी गुजरातीत "चालशे", म्हणजे चालेल, म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. "सगळं चालशे, चालशे म्हणता, मग या रस्त्यावर कुणाला चालता का येत नाही?"

प्रश्न रास्त होता. कडेला गाड्या आणि रेतीचे ढीग, मधून सुसाट स्कूटर. चार वर्षांपूर्वी भाजीला निघालेल्या काकूंना अशाच एका स्कूटरचा धक्का लागला आणि खुबा मोडला. तेव्हापासून त्या वॉकर घेऊन गॅलरीपर्यंतच. गेटाबाहेर वॉकर टेकवायला जागाच नव्हती. काका याबद्दल चकार शब्द काढत नसत, नकाशा मात्र रोज काढत. गेटापासून भाजीच्या चौकापर्यंत फूटपाथ, कडेने झाडं, दोन बम्प. आणि एक हट्ट: प्रत्येक गेटापाशी फूटपाथ उतरून पुन्हा चढायला लागता कामा नये. तो सलग सपाट हवा, गाड्यांनी चढून यावं. रस्तारुंदी तोंडावर आली होती. एकदा डांबर पडलं की पुन्हा कुणी ढुंकून बघणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी झोकात गुजरातीत अर्ज लिहिला. इथेच घोळ झाला. सगळा अर्ज गुजराती, पण नेमका 'छांयडो' आठवला नाही आणि घरातला मराठी शब्द उतरला. "अमारा रस्ता पर सावली आपो." महिन्याभराने माणसं आली, खड्डा खणला आणि खांब उभा करून गेली. खांबावर हिरवी पाटी: 'सावली', आणि उत्तरेकडे बाण. सावली हे तालुक्याचं गाव. त्यांना वाटलं, आम्ही तिथला रस्ता विचारतोय.

अख्खी सोसायटी हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. काका दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. "चौथी पिढी बडोद्यात, आणि छांयडो आठवू नये!" तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पाटीचा फोटो घेऊन कचेरीत गेले. म्हणाले, "साहेब, बोर्ड मिळाला. आता सावलीही द्या, म्हणजे छांयडो." साहेब इतके हसले की त्यांनी चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत नकाशा बघणं भाग पडलं. त्यानंतर तो नकाशा त्यांनी खाली ठेवलाच नाही म्हणे.

नकाशावर सगळ्या गेटवाल्यांच्या सह्या हव्या होत्या; शेवटचा अडसर पटेलभाई, त्यांना गेटापाशी उतार हवा होता. "काका, गेट पासे ढाळ तो जोईए ने, गाडी नीचेथी घसाशे."

"गाडीला हाडं नसतात, पटेलभाई."

पटेलभाईंनी तळमजल्याच्या गॅलरीच्या जाळीकडे पाहिलं. तिथे काकू बसल्या होत्या. सही केली.

आज आमच्या भागातला तेवढाच रस्ता असा आहे की शाळेतली पोरं एकटी जातात. पाहुण्यांना मी मुद्दाम तिथूनच आणते. छाती फुगते हो, काय करू! रोपं अजून गुडघ्याएवढीच आहेत.

फूटपाथ झाला त्याच संध्याकाळी काकू बाहेर आल्या. वॉकरच्या शेजारी काका, कोपराला धरून. पहिलं गेट गेलं, दुसरं गेलं, वॉकर कुठे अडखळला नाही. तिसऱ्यापाशी काकू म्हणाल्या, "सोडा आता."

काकांनी हात सोडला. त्या एकट्याच पुढे निघाल्या. मी म्हटलं, "काका, जा ना बरोबर."

"नको," ते म्हणाले. "दांडिया बाजारात ती कायम माझ्या पुढेच चालायची. मला सारखं मागून 'अगं, हळू' म्हणावं लागायचं."

काकू चौकाजवळ पोचल्या तरी काकांनी हाक मारली नाही.