वाहन उचलले जाईल!

पार्किंगवालं भाड्याचं घर शोधायला लोक सहा-सहा महिने घालवतात. मी बायकोला म्हटलं, "मला फक्त एक रविवार दे!"

"अहो, रविवार हवे तेवढे घ्या. मी गुडघे कुठून आणू?"

तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. आम्ही राहायचो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि गाडी दोन गल्ल्या सोडून. दर आठवड्याला दवाखान्यात जायचं म्हणजे तिच्या डोळ्यांत पाणी.

एजंटने उपनगरात एक घर दाखवलं. तळमजला, दोन खोल्या, ऊन येणारं स्वयंपाकघर. बायको ओट्यापाशी उभी राहिली ती हलेचना! मी मात्र मागच्या अंगणात खिळलो होतो. तिथे यंत्राचं पार्किंग! एकाने बटण दाबलं आणि अख्खी मोटार, लेकराला कडेवर घ्यावं तशी, अलगद वर गेली. तिच्याखाली दुसरी येऊन उभी! चाळीस वर्षं वेल्डिंग केलं मी, पण लोखंडाला इतक्या मायेनं वागताना कधी पाहिलं नव्हतं.

"काका, तोंड मिटा, माशी जाईल," एजंट म्हणाला. "घरमालकीणबाई गाडी बघितल्याशिवाय चावी देत नाहीत. मागच्या भाडेकरूने छोटी सांगून जीप आणली होती. चार वाजता गाडी घेऊन या. पाचला दुसरं कुटुंब येतंय."

पावणेचारला आम्ही हजर! फाटकाबाहेर पाटी होती. वाचायला मी साठीनंतर शिकलो, त्यामुळे दिसलेली पाटी सोडत नाही. मोठ्याने वाचलं, "येथे वाहन लावल्यास उचलले जाईल."

"बघ! फाटकापासूनच सेवा!"

"अहो, कुणाला विचारा तरी."

"विचारायचं काय? जोडाक्षरांसकट वाचलं मी!"

गाडी लावली. दहा मिनिटांत क्रेन आली! चार पट्टे, एक हूक, दोन माणसं. काय ती सफाई!

"सावकाश हं भाऊ, आरसा सांभाळा!"

हूकवाला दचकला. "काका, ही तुमची गाडी?"

"माझीच! मागचा पट्टा जरा ढिला वाटतोय."

त्याने पट्टा आवळला आणि मला भूत पाहावं तसं पाहिलं. गाडी पार वरच्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत गेली. वीस वर्षं मी तिला चालवली, पण तिचं पोट आज पहिल्यांदा पाहिलं! मला भरून आलं. मी हात जोडले. क्रेन निघाली.

"मागच्या फाटकाने आत नेत असतील," मी म्हणालो.

"अहो, ते सिग्नलवरून उजवीकडे वळले!"

तेवढ्यात मालकीणबाई आणि एजंट खाली आले. "गाडी कुठंय?" एजंटने विचारलं.

"तुमच्या माणसांनी वर ठेवायला नेली ना!"

एजंटने कपाळ बडवलं. "काका! ती टोइंगची क्रेन! पाटीवर लिहिलंय ती धमकी आहे, सेवा नाही!"

मी जमिनीकडे पाहू लागलो. बायकोने एकदा त्या उन्हाच्या खिडकीकडे पाहिलं. "चला," ती हळूच म्हणाली, "गेलं घर."

"थांबा," मालकीणबाई म्हणाल्या. "गाडी पाहिली मी. गॅलरीतच उभी होते. इतकी नीट कुठल्याच भाडेकरूची पाहायला मिळाली नव्हती. लांबी, रुंदी, पोटसुद्धा! छोटीच आहे. घ्या चावी."

बायकोने त्यांचे दोन्ही हात धरले.

"पण तेल गळतंय तिचं," बाई म्हणाल्या. "वर ठेवली तर खालच्या गाडीला अंघोळ! तुम्हाला कायम खालची जागा."

दंड भरून गाडी सोडवली, त्याला आता वर्ष होत आलं. बायको दारातून चार पावलांत गाडीत बसते. मी रोज सकाळी अंगणात जाऊन शेजाऱ्याची मोटार वर जाताना बघतो. अजून तोंड मिटत नाही.

परवा शेजारी म्हणाला, "काका, रोज एवढं काय बघता?"

आता काय सांगणार? म्हणालो, "काही नाही हो. तुमचं तेल गळत नाही ना, तेवढं बघतो!"