न पडणाऱ्यांची फरशी

माणूस पडतो, असे विज्ञान मानते. आपण पडलो, असे माणूस मानत नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागे एक गल्ली आहे. तिथे या दुसऱ्या मताला बहुमत होते.

गल्लीच्या रहिवासी संघाचे अध्यक्ष वेंकटराव यांनी स्वतः पसंत करून गुळगुळीत फरशी बसवून घेतली होती. तीत चेहरा दिसे. (पुष्कळांना फार जवळून दिसे.) पडणारा आधी डावीउजवीकडे पाही, मग उठे आणि "बसलों होतों" म्हणे. त्यामुळे गल्लीत पडण्याचे प्रमाण शून्य टक्के होते. बसण्याचे मात्र कौतुक करावे इतके. अपवाद एकच, वेंकटरावांची बायको सुंदरी. ती पडली आणि चारचौघांत "मी पडलें!" म्हणाली. आकडेवारीच्या शुद्धतेसाठी तिला वगळण्यात आले.

"फरशी निसरडी आहे म्हणून तुमच्या तोंडानं सांगा, मग येतें," असे बजावून ती तिरुवैयारुला बहिणीकडे निघून गेली. तेव्हापासून वेंकटराव स्वतःच्या हातची कॉफी पीत होते. पडणे त्यापेक्षा बरे.

शेवटी तटस्थ चाचणीसाठी त्रिचीहून नंदिता नावाची इंजिनिअर आली. तिच्या यंत्रात एक लंबक, त्याच्या टोकाला रबरी तळवा. फरशीला पकड असली की तळवा अडखळतो. तिने फरशीवर पाणी ओतले.

"ओली कशाला करतेस?" वेंकटराव कळवळले. "हे फरशीला फितवणं जालं!"

"मामा, रोज पहाटे दारोदार सडा घालून रांगोळीचे कोलम काढतात ते कोरड्यावर का?"

लंबक सुटला आणि नावडत्या नातेवाइकासमोरून जावे तसा, फरशीला ओळख न देता पलीकडे गेला.

"निसरडी," नंदिता म्हणाली.

"तुझ्या यंत्राला एकच पाय. आम्हांला दोन आहेत. हे बघ!" वेंकटरावांनी ऐटीत पाऊल टाकले.

आवाज झाला. शिष्टाचाराप्रमाणे सगळी गल्ली आभाळाकडे पाहू लागली.

नेमकी तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबली. चाचणीची बातमी कळून सुंदरी आली होती. मांडीवरच्या पिशवीत ताजी दळलेली कॉफी होती. तिचा वास वेंकटरावांपर्यंत, म्हणजे जमिनीलगत, पोचला.

"अय्यय्यो! पडलांत का हो?"

नुसते "हो" म्हणायचे होते. वेंकटरावांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले.

"छे! बसलोंय."

ऑटो वळली. धीर द्यायला शेजारचे चिदंबर धावले आणि तेही त्यांच्याशेजारी बसले.

हसलात? हसा. फक्त एवढे आठवून सांगा: मागच्या वेळी तुम्ही असेच बसलात, तेव्हा आधी गुडघा पाहिलात की गल्ली?