आरशावरची टिकली

चंद्र दाखवतो म्हणून हेमराज मामाजी अंगणात दुर्बीण मांडतात आणि चंद्र लिंबाला टेकेपर्यंत ती जुळवतच बसतात. चंद्राकडे पाठ करून चंद्र पाहणारा माणूस अख्ख्या फुलचूरमध्ये एकच.

मामाजी आमचे शेजारी. राइस मिलमध्ये फिटर होते. तिथली चाके एका रेषेत आणण्यात जन्म गेला, तरी हौस फिटली नाही. म्हणून रिटायर झाल्यावर प्लास्टिकच्या जाड पाइपाची दुर्बीण केली. पाइपाच्या बुडाशी थाळीएवढा गोल आरसा, आरशावर मधोमध लाल टिकली. वरच्या भोकातून ती टिकली बरोबर मधात दिसली, तरच म्हणे चंद्र साफ दिसतो. आरसा हलवायचे तीन स्क्रू मागे. भोकाला डोळा लावून तिथवर मामाजींचा हात पुरत नाही. आधी मामीजी पिळायच्या. त्या वारल्या आणि हे मानाचे पद माझ्याकडे आले. लोकांत मी तोंड उघडत नाही, हा माझा मोठा गुण असावा.

"सूनबाई, जराशीक पिळ."

मी पिळते.

"एवढी कायले पिळली? ट्रकचा जॅक होय का?"

मी उलटे पिळते.

"हां, आली मधात! आता हात नको लावू!"

मग गल्लीची रांग लागते आणि प्रत्येकाला चंद्र दिसतो, भिजलेल्या पापडासारखा.

"मामाजी, याच्यापेक्षा तं नुसत्या डोळ्यानं साफ दिसून राहिला!" समोरची शांताबाई म्हणते.

"हवा ओली आहे, हवा."

मे महिन्यातही मामाजींची हवा ओलीच असते.

परवा दुपारी आरसा धुवायला काढला. झाकायला मी त्याच्याच मापाचा गोल कागद कापला, चौघडी घालून उलगडला आणि आरशावर ठेवून पाहिला. घड्या जिथे मिळत होत्या, तिथे टिकली नव्हतीच. तांदळाच्या दाण्याएवढी बाजूला होती.

"मामाजी, सापडलं! टिकलीच मधात नाही. काढून दुसरी लावू का?"

मामाजींनी आरसा दोन्ही हातांनी जवळ ओढला.

"माहीत आहे मले."

"कवापासून?"

"लावली तवापासून. मी मोजून राहिलो होतो, तं तुह्या मामीजीनं आपल्या कपाळाची काढली अन् चिपकवून देली. म्हणे, एवढं काऊन मोजता, मले दिसते ना मधात."

संध्याकाळी आरसा परत बसवला. मी स्क्रू पिळले, मामाजी म्हणाले, "आली मधात." शांताबाईने डोळा लावला. ती काही बोलणार, तेवढ्यात मीच म्हणाले,

"हवा ओली आहे आज."