चैतीबाईंच्या तारपा मंडळीस सनद मिळाली ती हकीकत

धान्यदेवता कणसरी माउलीचे पायीं मस्तक ठेवून लिहिलें ऐसें जे: शके १९०९, प्रभव नाम संवत्सर, पौष मास. डोंगरपट्टीचे मुलखीं लाडक्या दुमाडा वारली तारपा फुंकीत, आणि त्यांचें कुटुंब चैतीबाई हातीं घुंगुरकाठी घेऊन नाचाचा गोल चालवीत. लेक, सुना, जावई, पुतणे मिळोन सोळा असामी. अवघें लष्कर घरचेंच. त्या सालीं राजधानीहून हुकूम आला कीं, हुजुरांपुढें नाच करणें. पसंत पडल्यास सालोसाल महोत्सवीं बिदागी घेऊन नाचण्याची सनद, न पडल्यास रजा. सनद न मिळाल्यास दोघे लेक सुनांसह वीटभट्टीस जाणार. मुकादमाची गाडीही ठरलेली. गोल मोडला म्हणजे घर मोडलें, हें चैतीबाई पुरतें जाणून होत्या.

मग मंडळी दरबारीं मंचावर दाखल जाहली. तों हुजुरांचे कारभारी पुढें होऊन बोलिले, "बाई, हुजुरांकडे कोणाची पाठ होतां कामा नये. ओळीनें उभे राहा." बाई बोलिल्या, "साहेब, आमची पाठ तारप्याकडं होत नाय. तारपा मधी, आमी भवतीं. बापजाद्यांची रीत हाय." कारभारी म्हणाले, "मग सनदही बापजाद्यांकडेच मागा!" लाडक्यांचें तोंड उतरलें. "चल घरला," म्हणों लागले. बाईंनीं डोळे वटारिले, "तू फुंक रं. आन् फुंकत फुंकत हुजुरांच्या खुर्चीपाशीं जाऊन उभा ऱ्हा."

आणि लाडक्या वाजवीत वाजवीत मंचावरून उतरले, आणि तारपा जाईल तिकडे गोल जाणार ही तों रीतच, मग अवघ्यांनीं एकमेकांचे कमरेस हात गुंफोन हुजुरांस खुर्चीसकट वेढा दिला. कारभारी ओरडले, "पाठ! पाठ!" बाईंनीं नाचतां नाचतां पुसलें, "कुणाकडं, साहेब? दावा बरं!" पाहतात तों तारपा मध्यें, हुजूर मध्यें, आणि पाठ झाली ती गोलाबाहेर राहिलेल्या कारभाऱ्यांकडे. हुजूर पोट धरोन हांसले, मग जोडे काढून गोलांत शिरले, आणि हरेक ठेक्यास चुकले. "डावा, म्हाराज, डावा!" म्हणोन बाई हुजुरांवरच खेंकसल्या. सनदेवर शिक्का तेथेंच जाहला.

तिसरे दिवशीं मुकादम गाडी घेऊन दारीं आला, "चला, गाठोडीं चढवा." बाई उंबऱ्यांतूनच बोलिल्या, "रिकामाच जा, बाबा. पोरं निजलीत. पाय दुखतात त्यांचे."

एकूण मजकूर इतकाच कीं, त्या वर्षीं दुमाडांचे घरचें एकही माणूस भट्टीस गेलें नाहीं.