तायडेकाकांचा उलटा हात

खालच्या मजल्यावरच्या तायडेकाकांनी माझ्या स्कूटरवर खडूने 'सिक' लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी ती जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या चौकात बंद पडली. बँकेत उशीर झाला, साहेबांची बोलणी खाल्ली. संध्याकाळी काका फाटकातच उभे.

"लिवलं होतं ना? वाचता येते ना तुले, बीएस्सी?"

येतं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आहे मी, तोही पहिल्या फटक्यात. कुणाशी ओळख झाली की पाच मिनिटांच्या आत मी हे सांगून टाकतो. मागून कळण्यापेक्षा बरं.

काका सातवी पास. मूळचे अकोल्याकडचे. खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस, म्हणून रेल्वेत लागले आणि जयपूरच्या यार्डात डबे तपासत निवृत्त झाले. गाडी थांबली की चाकाचाकाला हात लावत जायचं. कुठे अ‍ॅक्सल तापलेला सापडला, तर डब्यावर खडूने 'सिक', म्हणजे आजारी, लिहून तो गाडीतून काढायचा. काका निवृत्त झाले, खडू झाला नाही. काकू गेल्यापासून तर त्याला धरबंधच उरला नाही. विजेचा खांब, किराणावाल्या भैयाचा फ्रीज, सगळं सिक. घरमालकांच्या जावयाची नवी मोटारही सिक, त्यावरून मोठं भांडण झालं. मोटार महिन्याभरात विकावी लागली, जावई अजून आहे. "त्याच्यावरबी लिवलं असतं," काका म्हणतात, "पण तो उभाच नाही राहत एका जागी."

गल्लीत एक कुत्री होती. दिवसभर या टोकाकडून त्या टोकाकडे फेऱ्या, म्हणून काकांनी नाव ठेवलं शटल. दर वर्षी पिल्लं व्हायची. शेवटी गल्लीने ठरवून तिचं ऑपरेशन करून आणलं. आता हिला ठेवायचं कुणी? सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मले कुत्रं बिलकुल आवडत नाही," असं म्हणत काकांनी आपल्या व्हरांड्यात पोतं अंथरलं. तिने टाके चाटू नयेत म्हणून बादलीचं बूड कापून ती तिच्या गळ्यात अडकवली. बादली माझी होती.

मग मीही शिक्षणाला साजेसं काम केलं. राजा पार्कातल्या सायबर कॅफेतून इंग्रजी माहितीचा कागद छापून आणला. पाठपोट. "काका, यात स्पष्ट लिहिलंय. थोडी सूज येतेच."

चौथ्या दिवशी शटल शेपूट हलवत होती, पोळी मात्र अर्धीच खाल्ली. काकांनी टाक्यांशेजारी उलटा हात टेकवला.

"गरम आहे."

"कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. मतलब, सायन्स आहे ते."

"मांडीले लावला, कानाले लावला. सगळीकडे एक, इथे दुसरंच." मग ओठ वर करून त्यांनी हिरडी दाबली. "सोडलं की लगेच गुलाबी व्हाले पाह्यजे. ही लेट चालली. अन् वास घेऊन पाह्य."

मी वास घेतला नाही. पदवीधराने कुठे कुठे नाक घालायचं?

काकांनी बादलीवर 'सिक' लिहिलं. "स्कूटर काढ."

"तिच्यावर तुम्हीच लिहिलंय."

"मंग ऑटो बोलाव ना, लेका! पोरगी मरून राह्यली इथे!"

डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हा दोघांकडे पाहिलं. "अंदर का टाँका खुल गया है, पस पड़ रहा है. कल तक रुकते तो बचना मुश्किल था. पहचाना किसने?"

मी तोंड उघडलं. काकांनी नुसता उलटा हात पुढे केला.

शटलला दवाखान्यातच ठेवून घेतलं. परतताना ऑटोत मी तो कागद हळूच उलटला. सगळं होतं. वाढती सूज, उष्णता, वास, फिकट हिरड्या, खाणं कमी. मी पाठीमागची बाजू वाचलीच नव्हती. कागद घडी करून खिशात घातला.

"काका, हात उलटाच का?"

"तळहात घट्ट्यानं बहिरा होते. उलटा खोटं नाही बोलत. पापणी लवाच्या आत सांगते."

शटल बरी झाली. काकांनी बादलीवर 'फिट' लिहून मला ती परत दिली, बुडाशिवाय.

पुढे थंडीत एका सकाळी शटल फेऱ्या सोडून काकांच्या दारात बसलेली दिसली. जिना उतरलो तर माझी पँट दातात धरून आत ओढायला लागली. काका रजईत.

"काय झालं?"

"कुठे काय?" मग थोड्या वेळाने, भिंतीकडे तोंड करून, "जरा हात लावून पाह्य बरं. सोताचा हात सोताले सांगत नाही."

मी कपाळावर तळहात ठेवला.

"उलटा, बीएस्सी!"

उलटा ठेवला. तापलेला अ‍ॅक्सल हाताला कसा लागत असेल, ते पापणी लवायच्या आत कळलं. हात काढून खुंटीवरच्या त्यांच्या सदऱ्यातला खडू घ्यायला वळलो.

"थांब," काका डोळे मिटून म्हणाले. "लगेच नको काढू. समजाले वेळ लागते."

मी हात परत ठेवला. बराच वेळ मी 'अजून नाही समजलं' म्हणत राहिलो.