बाईंची खोली खाली आली त्याची हकीकत

हे सांगायला मला बसवलंय, मी आपणहून बसलेलो नाही, तेव्हा मध्येच कुणी शंका काढू नये: बोरदऱ्यात गाव ज्याला श्रीमंत म्हणतं त्याचं घर जमीन सोडून वर जातं, आणि गाव ज्याच्यासाठी हळहळतं त्याचं घर जमिनीत जातं. मी चौथीत शाळा सोडली, पण एवढं डोळ्यांनी दिसतं. ग्रामपंचायतीत त्याचा वेगळा रकाना आहे.

वनमाला गवांदे या गावच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या बाई. भाड्याच्या एका खोलीत आईला घेऊन राहायच्या. बाई इस्त्रीची साडी नेसायच्या, उन्हात छत्री धरायच्या आणि कुणाकडं उसनं मागायच्या नाहीत. एवढ्यावर गावानं ठरवून टाकलं. निवृत्ती लोंढेच्या चहाच्या टपरीवर रोज तेच चालायचं. "मास्तर लोकांचं बरंय बाबा. पंख्याखाली बसायचं, आयोगावर आयोग घ्यायचे. पोरं आमची आन् मजा यांची." असं कुणी म्हटलं की खोली वीतभर वर. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर हातभर, कारण मग सुट्टीतल्या पगाराचा विषय निघायचा.

यंदा खोली चिंचेच्या शेंड्याला टेकली. बाई शिडीनं उतरून शाळेत जायच्या आणि शिडीनंच घरी यायच्या. आईचे गुडघे गेलेले, तिला शिडी जमेना. संक्रांतीपासून म्हातारीचा पाय मातीला लागला नव्हता. उंबऱ्यात बसून ती खाली बघायची आणि म्हणायची, "वनमाला, एकदा जमिनीवर चालू दे गं मला. माणसाला वर जायचंच असतं, पण असं जिवंतपणी नको."

बाईंनी ग्रामसेवकाला गाठलं. त्यानं टेप लावून उंची मोजली.

"घर उतरवायची तरतूद नाही, बाई. चढवायचीही नाही, ते आपोआप होतं. आणि एवढ्या उंचीला पिवळं रेशनकार्ड बसत नाही."

"पण मी श्रीमंत नाही हो."

"तुमचं म्हणणं धरता येत नाही. गाव काय म्हणतं ते आम्ही धरतो."

आता खरं काय ते सांगतो. त्या हायस्कुलाला सरकारचं अनुदानच नव्हतं. पगार संस्थेनं द्यायचा, आणि संस्था म्हणजे अण्णा ढमढेरे. पगार दिवाळीला व्हायचा, तोही प्रत्येक दिवाळीला नाही. म्हणून बाई वर बसून ब्लाउज शिवायच्या आणि टोपलीला दोरी बांधून खाली सोडायच्या. बायका टोपलीतून ब्लाउज घ्यायच्या आणि वर बघून म्हणायच्या, "हौस दांडगी हो बाईंना." की खोली आणखी वर. बाईंनी कुणाला खरं सांगितलं का? नाही. बिनपगारी बाईचं गणित पोरं कशाला ऐकतील, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. शिकलेली माणसं कशाची लाज धरतील त्याचा नेम नसतो.

अण्णांचं सगळं उलटं. द्राक्षाची बाग, कोल्ड स्टोरेज, दाराशी दोन ट्रॅक्टर. पण कुणी "काय अण्णा, कसं काय?" म्हटलं की यांचं ठरलेलं, "कुठं काय. मेलो यंदा." बाईंनी पगार विचारला तरी तेच. गाव हळहळायचं आणि बंगला खाली जायचा. जाता जाता त्याची गच्ची रस्त्याच्या बरोबरीला आली. अण्णा गच्चीतून घरात उतरायचे. ग्रामसेवकानं त्यांना घरकुल मंजूर केलं होतं.

अण्णांना त्याचं काही वाटत नव्हतं. पण लेकीला बघायला पाहुणे आले, काठावरून खाली डोकावले, आणि "पोरगी खड्ड्यातून काढून न्यायची का आम्ही?" असं म्हणून चहा न घेता गेले. लेक अबोला धरून बसली. रविवारी दुसरे पाहुणे येणार होते. तेव्हा अण्णा धापा टाकत बाईंची शिडी चढले.

"बाई, घर एवढं वर कसं नेलंत ते शिकवा."

"मी नेलं नाही. लोक बोलले."

"मग माझ्याबद्दलही बोलायला लावा."

"त्याआधी तुम्हाला बोलावं लागेल. म्हणा, माझं बरं चाललंय."

अण्णांनी तोंड उघडलं. "माझं... कुठं काय चाल..."

"पुन्हा."

"माझं बरं... म्हणजे तसं बघायला गेलं तर औषधांचाच खर्च..."

"अण्णा, सरळ उभे राहा. खिशातून हात बाहेर. पुन्हा."

आतून आई म्हणाली, "जीभ जड आहे गं त्याची. गूळ दे."

गूळ दिला. दिवेलागणीपर्यंत अण्णांचा सदरा घामानं भिजला, पण "यंदा मला फायदा झाला" एवढं वाक्य न अडखळता यायला लागलं. बाई म्हणाल्या, "छान." अण्णांना शाळेत कधी कुणी छान म्हटलं नव्हतं. ते लाजले.

शनिवारी अण्णा टपरीवर आले. विद्यार्थी कच्चा, म्हणून बाईही येऊन उभ्या राहिल्या.

"काय अण्णा, कसं काय?" निवृत्ती सवयीनं म्हणाला.

अण्णांनी बाईंकडं बघितलं, खिशातून हात काढले. "यंदा मला फायदा झाला. मागच्या साली पण झाला."

निवृत्तीचा चहा उतू गेला. तिकडं बंगल्यानं कुरकुर करत जमिनीतून डोकं वर काढलं.

"आन् संस्था?" निवृत्तीनं विचारलं.

"ती पण झकास चाललीय," अण्णा बोलून गेले. तोंड एकदा उघडलं ते मिटेना.

"मग माझा पगार, अण्णा?" बाई म्हणाल्या.

त्यांनाच नवल वाटलं. इतक्या वर्षांत हे चारचौघांत पहिल्यांदा तोंडातून निघालं होतं.

निवृत्ती म्हणाला, "तुमचा पगार तर सरकार देतं की."

"आमच्या शाळेला देत नाही. संस्था देते. म्हणजे देत नाही."

"मग खाता काय?"

"ब्लाउज शिवते. तुमच्या मंडळींचेही मीच शिवते."

"आरं, बाईंचं तर आपल्यासारखंच की," निवृत्ती म्हणाला. रोज बोलणाऱ्यांनीही माना डोलावल्या. तेवढ्यात चिंचेच्या फांद्या सळसळल्या आणि खुडूक कोंबडी बसावी तशी खोली हळूच जमिनीवर बसली. दार उघडलं. म्हातारीनं आधी एक पाय ठेवला, मग दुसरा, आणि मातीत अंगठा दाबून बघितला. मग कुणाशी न बोलता ती पार मारुतीच्या देवळापर्यंत चालत गेली आणि परत आली. बाई टपरीपाशीच उभ्या राहून बघत होत्या. डोळे पुसायला पदर हाती येईना, तेव्हा त्यांनी छत्रीच उघडली.

मग गावाला कंठ फुटला. ज्याला त्याला अण्णांची श्रीमंती दिसायला लागली, आणि बंगला रातोरात विजेच्या खांबावर गेला. घरकुल रद्द झालं. रविवारचे पाहुणे बाईंच्या शिडीनं चढले. मुलाचे वडील म्हणाले, "घर तालेवार आहे. फक्त आमच्या हिच्या गुडघ्यांचं बघावं लागेल." सोयरीक जमली.

लग्नाचा मांडव एवढ्या उंचीवर बांधायला कुणी तयार होईना. अण्णांनी वरून हाक मारली, "बाई, आता उतरायचं कसं?"

"पगार करा. माझ्या एकटीचा नाही, सगळ्यांचा."

पगार झाले. जसजसे झाले तसतसं गाव "अण्णांचे पैसे गेले हो" म्हणत हळहळलं आणि बंगला खाली आला. बाईंची खोली तेवढी एक पायरी वर गेली. ग्रामसेवकानं टेप लावून ती नोंदवली. म्हातारी ती पायरी रोज चढते, उतरते आणि म्हणते, "एवढी श्रीमंती झेपते मला."

राहता राहिलो मी. माझं घर अजून कमरेइतकं वर आहे, कारण मी म्हाताऱ्यानं घराखाली धन पुरून ठेवलंय असं टपरीवर बोललं गेलं. पुरलेलं काही नाही. घर वर गेल्यापासून खालची जमीन उघडी पडलीय, कुणीही वाकून बघावं. ते बोलणाऱ्याची माफी काही अजून आलेली नाही. ती यायची आहे निवृत्ती लोंढेकडून.